वास गेला, असं हरिचंद्र म्हणायचा

तुमचा जीव तुम्ही दुसऱ्याच्या नाकावर सोडाल का?

नाही म्हणालात ना? लगेच म्हणालात. मग आज सकाळी अंगाला लावलेला साबण जरा हुंगून बघा. तो ताजा, हिरवट, नुकत्याच कापलेल्या फळासारखा वास ज्यातून येतो, त्याला अल्डिहाइड म्हणतात. तसलं अल्डिहाइड बनवणारी एक छोटी कंपनी अंबरनाथ एमआयडीसीत आहे. नाव कशाला पाहिजे? तिथे वर्षानुवर्षं अख्ख्या शिफ्टने आपला जीव एका माणसाच्या नाकावर सोडला होता. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. साहेबांनीही नाही, तपासणीला येऊन चहा पिऊन जाणाऱ्यांनीही नाही. पद्धतच होती ती.

त्या माणसाचं नाव हरिचंद्र. चिखलोलीच्या बाजूचा, बापजाद्यांपासून भातशेती करणाऱ्या घरातला. जमीन कारखान्यांत गेली आणि जमिनीच्या मागोमाग पोरगाही कारखान्यात गेला. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, कमी बोलणारा. रिॲक्टर ऑपरेटर. हुद्दा एवढाच. पण शेडमध्ये त्याचा मान मॅनेजरपेक्षा वरचा, कारण रिॲक्टरचं झाकण उघडलं की पहिला पुढे जायचा तो हरिचंद्र.

आता रिॲक्टर म्हणजे काय, तर जाड पोलादाचा मोठा हंडा. त्यात एक तेलासारखं रसायन घालायचं, कोबाल्टची पूड घालायची, आणि वरून दोन वायू भयंकर दाबाखाली कोंबायचे: हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. शेडमध्ये त्या दुसऱ्याला सगळे सीओ म्हणतात. सीओला रंग नाही, चव नाही, वास तर अजिबात नाही. माणूस झोपल्यासारखा बसतो आणि उठत नाही. हंड्यात तापमान चढलं की कोबाल्ट, सीओ आणि हायड्रोजन मिळून एक नवीन चीज तयार होते, कोबाल्ट कार्बोनिल हायड्राइड. सगळं काम तीच करते. आणि तिचा वास! सडलेल्या कोळंबीत कुणी रबर जाळून टाकलं असावं तसा. केसात बसतो, नखात बसतो, साबणाने जात नाही. आयुष्यभर लोकांसाठी सुगंध बनवणाऱ्यांच्या शेजारी शेअर रिक्षात कुणी बसायला तयार नसतं, ते ह्या चिजेमुळे.

बॅच झाली की वायू सोडून द्यायचा, नायट्रोजनने हंडा धुवायचा. अधूनमधून झाकण उघडून, ब्लोअरच्या पंख्याने ताजी हवा भरून आत माणूस उतरवावा लागतो, कारण आतल्या भिंतीवर काळा कोबाल्ट थापला जातो, तो खरवडून काढायचा असतो. तोही ओला ठेवून, कारण सुकला की आपोआप पेटतो. आणि माणूस आत उतरण्याआधी हंड्यात सीओ उरला नाही हे कळणार कसं? भिंतीवर एक अलार्म होता, पण तो ऊठसूट कोकलायचा म्हणून कधीचाच बंद करून ठेवला होता. मग हरिचंद्र झाकणापाशी जायचा, तोंडावरचा रुमाल खाली ओढायचा, मान तिरकी करून दोन श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "हाय अजून." नाहीतर, "वास गेला." वास गेला म्हणाला की कॉन्ट्रॅक्टरचा माणूस पट्टा बांधून खाली.

ही विद्या त्याला महिपतीने दिलेली. महिपती त्याच्या आधीचा ऑपरेटर, आता हयात नाही. "वास हाय तवर वायू हाय. वास गेला का वायू गेला. सीओ मुका हाय रे, पन त्याचा जोडीदार बोंबलतो," असं तो शिकवायचा. ऐकायला कसं पटतं बघा! एवढं पटलं की ते खरं आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. हरिचंद्र आणि त्याची बायको वेणू दोघंही एकदमच आजारी पडले. हरिचंद्र घरी परत आला. वेणू आली नाही. आणि हरिचंद्रचं नाक जे गेलं, ते परत आलं नाही.

पहिले काही आठवडे त्याला वाटलं, येईल. सगळ्यांचं येतंय. तो रोज लसूण ठेचून नाकाशी धरायचा. निलगिरीचं तेल धरायचा. शेवटी वेणूच्या पेटीतली साडी काढून तोंडावर घेतली. नुसतं कापड. त्यानंतर पेटी उघडली नाही.

कामावर सांगितलं का? नाही सांगितलं. इथे लगेच नाक मुरडू नका. बायको गेलेली, मुलगा अमित बायको-पोरीला घेऊन बदलापूरच्या कात्रपला फ्लॅटमध्ये, घरात बोलायला भिंती. त्या माणसाकडे उरलं होतं काय? शेडमध्ये शिरलं की "या नाकवाले!" म्हणणारी चार माणसं. ती एकच जागा होती जिथे तो पोचल्याशिवाय काम अडायचं.

मग तो निभावायचा कसा? हुशारीने. झाकण उघडलं की तो मान तिरकी करून श्वास घ्यायचा, तसाच, पहिल्यासारखा. पण बघायचा बाकीच्यांच्या तोंडाकडे. धर्मेशचं नाक आक्रसलेलं दिसलं की, "हाय अजून." धर्मेशचा चेहरा सैल झाला की, "वास गेला." हा धर्मेश म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, उल्हासनगर कॅम्प तीनचा, हंड्यात उतरणारा तोच. म्हणजे धर्मेश हरिचंद्रच्या तोंडाकडे बघून आत उतरत होता आणि हरिचंद्र धर्मेशच्या तोंडाकडे बघून त्याला उतरवत होता. अशी भरवशाची साखळी, आणि हात घालून बघावं तर आत काही नाही.

ह्या सगळ्यात त्याला आणखी एक रोग जडला होता. स्वतःच्या अंगाला वास येतोय की नाही, हे त्याला कळत नव्हतं. पूर्वी कळायचं, मग दोनदा आंघोळ करून माणसांत जायचा. आता दहादा केली तरी खात्री नाही. विचारणार कुणाला? वेणू असती तर तिने उंबऱ्यातूनच परत मोरीत धाडला असता. म्हणून त्याने सोपं केलं. माणसांत जाणंच सोडलं. नाक्यावर शेअर रिक्षा आली की मागे राहायचा, रिकामी मिळेपर्यंत. हळदीला गेला तर मांडवाच्या टोकाला. कात्रपला मुलाकडे गेला तर गॅलरीत. नात जिज्ञासा धावत आली की हाताने लांबूनच थांबवायचा, "तिकरंच थांब ग बाय." लोक म्हणायचे, हरिचंद्रला आता फार माज आलाय, नाकावर माशी बसू देत नाही. म्हणू दे. माज परवडतो, कीव परवडत नाही.

असंच चाललं असतं. पण परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार होतं, म्हणून साहेबांनी सगळ्यांना मास्क आणले. साधे नव्हेत, दोन बाजूंना गोल डबे असलेले, अर्धा चेहरा झाकणारे रबरी मास्क. फोटो काढले. फोटो झकास आले. आणि पुढच्याच वेळी झाकण उघडलं तेव्हा हरिचंद्रने सवयीने धर्मेशकडे बघितलं, तर चेहराच नाही! नुसते डोळे आणि डबे.

त्या दिवशी तो "हाय अजून", "हाय अजून" करत राहिला. नायट्रोजन फुंकून फुंकून सिलिंडर रिकामे झाले.

"काका, आज मुहूर्त लागत नाही काय?" धर्मेश मास्कच्या आतून ओरडला. "अरे साईं, जल्दी करो ना, गर्मी में पक गया मैं."

"तुना मरायची लय घाई रे," हरिचंद्र खेकसला. सगळे हसले. तोही हसला. सिलिंडर संपले तेव्हा कुठे तो "वास गेला" म्हणाला.

ही गोष्ट एका मुलीने हेरली. राजसी. बदलापूरहून येणारी, लॅबमध्ये नवीन लागलेली केमिस्ट. तिने दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर त्याला गाठलं. तो बाकड्याच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. ती सरकून जवळ यायला लागली तर हा उठून उभाच राहिला.

"काका, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"आला तर तुमचं काय जातंय? विचारा."

"तुम्ही नाकाने नक्की काय तपासता?"

"सीओ."

"सीओला वास नसतो."

"म्हाईत हाय, मॅडम. पन त्याच्या जोडीदाराला असतो." आणि त्याने महिपतीचं सूत्र तिला ऐकवलं. ऐकवताना थोडी छातीही फुगली.

राजसी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, त्याला भांडता आलं असतं. ती म्हणाली, "काका, हायड्राइड म्हणजे एक पंगत समजा. मध्ये कोबाल्ट. त्याच्याभोवती चार सीओ आणि एक हायड्रोजन. पंगतीतला एक सीओ उठतो, त्या जागी आपलं तेल येऊन बसतं. हायड्रोजन त्याला मिळतो, सीओ मिळतो, अल्डिहाइड होऊन ते उठून जातं, आणि पंगत पुढच्या पाहुण्याला तयार. बरोबर?"

"असंल."

"पण ही पंगत टिकते कधी? बाहेर सीओची गर्दी दाबून उभी असेल तेव्हाच. दाब काढला की ती बसूच शकत नाही. बाटलीत काढून ठेवायची म्हटली तर बर्फाहून थंड ठेवावी लागते. मग ती फिकट पिवळी, पाण्यासारखी पातळ दिसते म्हणे. मी पण पाहिलेली नाही. नेहमीच्या हवेत ती मोडते. आधी हायड्रोजन सुटून जातो. मग उरलेल्यातून सीओ सुटतात, आणि शेवटी एकटा कोबाल्ट भिंतीला काळा चिकटून राहतो. तोच तो, जो धर्मेश खरवडतो."

हरिचंद्र चहाच्या ग्लासात बघत होता. "मंजे वास जातो तवा..."

"तेव्हा ती चीज मोडलेली असते, काका. निघून गेलेली नसते. आणि मोडताना तिच्यातलाच सीओ हंड्यात सुटतो. तळाशी चिखल राहिला असेल तर बंद हंड्यात दिवसेंदिवस सुटत राहतो. वास कमी होतो तसा वायू वाढतो. तुमचं सूत्र उलटं आहे."

"येवढी वर्षं कोन मेला नाय."

"एवढी वर्षं तुम्ही नायट्रोजन भरपूर फुंकत होता, म्हणून. नाकामुळे नाही." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि हे मास्क वास अडवतात, सीओ नाही अडवत. मी मॅनेजर उन्मेष साहेबांना सांगितलं की खिशाला लावायचे मीटर घ्या. ते म्हणाले बघू पुढच्या वर्षी, हरिचंद्र आहे ना आपला."

हरिचंद्र आहे ना आपला. दुसरा कुणी हे ऐकून फुशारला असता. हरिचंद्रने उरलेला चहा टपरीमागे ओतला आणि तडातडा गेटमध्ये गेला. "चार बुकं शिकली की म्हाताऱ्यांना शिकवायला येतात," असं मोठ्याने म्हणाला, टपरीवाल्याला ऐकू जाईल असं.  ती खोटं बोलत असती तर एवढं मोठ्याने म्हणावं लागलं नसतं.

त्यानंतर गणपतीची सुट्टी लागली. सुट्टीआधीची बॅच घाईघाईत उरकली, ऑर्डर अडली होती. नायट्रोजन अर्धाच फुंकला गेला, हंड्याचं झाकण आवळलं आणि सगळे घरी. उघडायचा तो सुट्टीनंतर. उतरायचा धर्मेश. सांगायचं हरिचंद्रने.

त्याच्या घरी गणपती येतो, थोरलं घर म्हणून. अमित सगळ्यांना घेऊन आला. घर भरलं. आरतीला आतून टाळ वाजत होते आणि हरिचंद्र बाहेर ओटीवर.

"आबा, आत या ना! सगळे आलेत," जिज्ञासा दारातून ओरडली.

"हितूनच दिसतोय बाप्पा. तू म्हन."

आरती झाली, सून स्वयंपाकघर आवरायला लागली, आणि तिने फळीवरचा एक डबा उघडून धाडकन बंद केला. तोंडाला पदर लावून परसात पळाली. अमितने डबा बाहेर आणला. वेणूने भरून ठेवलेली सुकट, त्यावर हरिचंद्रने वेळोवेळी विकत आणून ओतलेली. पावसात ओल धरून तिचा गोळा झाला होता, तळात अळ्या वळवळत होत्या. वरून डावाने काढून घेतल्याची खूण ताजी होती.

"बाबा, ही तुम्ही खाताय?" अमित म्हणाला. "रस्त्यापर्यंत वास येतोय. तुम्हाला येत नाय का?"

हरिचंद्र ओटीच्या कडेला सरकला. अमित डबा हातात घेऊन बघतच राहिला. मग हळूच खाली बसला.

"कधीपासून?"

"तुझी आईस गेली तवापासून."

"आणि कंपनीत सांगितलंय?"

हरिचंद्रने नाही म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ अमितला कळला, कारण तोही एमआयडीसीतच वाढलेला. त्याला शब्द सापडले ते असे: "बाबा, रिटायरमेंट तोंडावर आलीय. आता काही बोलू नका. एवढे दिवस काही झालं नाही ना? मग गप राहा. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं."

"तुझ्या आयशीने?" हरिचंद्रने एवढंच विचारलं.

वाईट मुलगा नाही अमित. आपल्यातले सगळे अमितच आहेत. बापाचं भलं बघायचं म्हणजे बापाला गप बसवायचं, एवढंच आपल्याला शिकवलंय. विसर्जन झालं, ते सगळे कात्रपला गेले. मखराची जागा रिकामी झाली. हरिचंद्रने ती जागा झाडली, पुन्हा झाडली, आणि भिंतीला टेकून बसला. धर्मेशला जाऊन सांगावं असं त्याला वाटलं. राजसीला सांगावं असं वाटलं. मग वाटलं, सांगितलं की उद्यापासून "या नाकवाले" कोण म्हणणार? आणि नाक नाही म्हटल्यावर त्या शेडमध्ये हरिचंद्र म्हणजे कोण? एक म्हातारा, वाल्व फिरवणारा. असे छप्पन्न मिळतात.

सुट्टी संपली. सकाळची शिफ्ट. धर्मेश डबा घेऊन सगळ्यांना लाडू वाटत फिरत होता. त्याची बायको नूतन पोटुशी, डोहाळजेवण कालच झालेलं. "काका, तुमचा स्पेशल. आधी हुंगून बघा, साजूक तुपातला आहे! सासू बोलली, ज्याला वासाची पारख आहे त्याला विचार कसा झालाय."

हरिचंद्रने लाडू नाकापाशी नेला. "झकास," म्हणाला.

"बघ! मी बोललो ना!" धर्मेश पुढच्याकडे गेला. लाडू हरिचंद्रच्या हातात तसाच राहिला, मग खिशात गेला.

झाकणाचे बोल्ट सुटले. ब्लोअर लावला, थोडा वेळ फिरवला. मास्क चढले. उन्मेष साहेब खाली आले होते, कानाला फोन. साहेब राक्षस नाही. घाईतला माणूस. फोन हाताने झाकून त्यांनी विचारलं, "हरिचंद्र, गेला का वास? वरून सारखे फोन येतायत."

धर्मेशने पट्टा कमरेला आवळला, दोर मागच्याच्या हातात दिला आणि शिडीवर एक पाय ठेवला. डोळे तेवढे दिसत होते. ते डोळे हरिचंद्रकडे होते. भरवशाचे डोळे. एखादं पोर जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून खाली बघतं तसे. "काय काका? उतरू?"

हरिचंद्रने मास्क ओढून काढला. मान तिरकी केली नाही. तो सरळ पुढे गेला आणि झाकणाच्या तोंडावर, शिडी आणि भोक ह्यांच्या मध्ये, आडवा उभा राहिला.

"कोनी उतराचं नाय."

"म्हणजे आहे अजून?" साहेब म्हणाले.

"म्हाईत नाय. माझं नाक मेलंय, साहेब. करोनात मेलं. तवापासून मना कशाचा वास येत नाय. लाडवाचा नाय, हायड्राइडचा नाय, काय नाय."

  साहेबांनी फोन बंद केला. "मग इतके दिवस तू काय करत होतास?"

"धर्मेशच्या तोंडाकडे बघत व्हतो."

धर्मेशला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो शिडीवरून उतरला, मास्क फेकला, आणि हरिचंद्रची गळपट्टी धरली. "मैं तेरे भरोसे अंदर गया ना? बोल! तुझ्या भरवशावर जात होतो ना मी? आणि तू माझ्याकडे बघून बोलत होतास? साला, मी तर तुझ्याकडे बघत होतो!"

हरिचंद्रने हात वर केला नाही. जागाही सोडली नाही. धर्मेश हलवत राहिला आणि तो हलत राहिला, पण त्या भोकापुढून सरकला नाही. कुणीतरी दोघांना सोडवलं.

राजसी तोवर शेजारच्या कंपनीत धावली होती. तिथल्या सेफ्टीवाल्याकडून मीटर मागून आणला, मुठीत मावेल एवढा. दोरीला बांधून तो हंड्यात सोडला. अर्ध्यावर गेला नसेल तोच तो किंचाळायला लागला. सगळ्यांनी माना पुढे केल्या. राजसीने मीटर वर ओढून आकडा बघितला आणि साहेबांपुढे धरला. साहेब तो वाचून खाली बसले. तिथल्या तिथे, चड्डीतल्या पोरासारखे, तेलकट लादीवर.

"ह्यात उतरला असता तर?" दोर धरणाऱ्याने विचारलं.

"खालून दोर ओढायचंही त्याला सुचलं नसतं," राजसी म्हणाली.

आणि वास? कुणालाच आला नव्हता. एकाने मास्क काढून हुंगून बघितलं, दुसऱ्याने बघितलं. जरासुद्धा नाही. त्या दिवशी जगातलं उत्तमातलं उत्तम नाक तिथे असतं, तरी त्याने छातीठोकपणे सांगितलं असतं: वास गेला, उतरा.

आता तुम्हाला वाटेल, हरिचंद्रला हार घातला असेल. अजून तुम्ही एमआयडीसी बघितली नाही. तब्येतीची गोष्ट लपवली म्हणून त्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं. युनियनचे पुढारी आले, त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या सभेत दुसरा विषय घेतला. कंपनीने एक मीटर विकत घेतला. एकच. तो साहेबांच्या केबिनमध्ये असतो, हरवू नये म्हणून कुलपात. राजसी भांडली, पुन्हा भांडली, मग दुसरीकडे नोकरी लागली तशी गेली. जाताना हरिचंद्रला फोन करून रडली. त्याने तिचीच समजूत काढली.

आणि शेडमधली माणसं? ती बोलत नाहीत त्याच्याशी. का बोलावं? त्या सकाळी त्याने धर्मेशला वाचवलं हे खरं, पण त्याआधी किती वेळा त्याला मेलेल्या नाकावर खाली पाठवलं, तेही खरंच. धर्मेशला मुलगी झाली. बारशाला पूर्ण शिफ्टला बोलावणं गेलं. हरिचंद्रला नाही. तो तरी गेला, कॅम्प तीनच्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत, हातात झबल्याचं पुडकं घेऊन. आतून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. पुडकं कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदाराकडे ठेवून परत फिरला. "किसका है, बोलूँ?" दुकानदाराने विचारलं. "बोलो, एमआयडीसी से आया," हरिचंद्र म्हणाला.

कधीमधी तो शिफ्ट सुटताना एमआयडीसीच्या रस्त्यावर उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "मीटर हाय का रं तुझ्याकरं?" पोरं हसतात. "म्हातारा सटकला," म्हणतात. मीटर नसतो कुणाकडेच.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. तुमच्या घरातलं कुणी टाकीत, हंड्यात, गटारात उतरत असेल, तर आजच त्याला विचारा, आत काय आहे हे तुला कोण सांगतं? "अमुकतमुक माणूस आहे ना आपला," असं उत्तर आलं, तर मीटर येईपर्यंत त्याला उतरू देऊ नका. नोकरीवरून भांडण झालं तर होऊ द्या.

आणि अजून एक. चिखलोलीकडून बदलापूरला जाताना एका नव्या टॉवरच्या कंपाउंडला टेकून एक जुनं कौलारू घर आहे. हरिचंद्र तिथे एकटा असतो, एकटाच रांधतो. शेगडीशेजारी गॅसचा सिलिंडर आहे. त्या गॅसात वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून, त्यामुळे त्या वासावर भरवसा चालतो. फक्त हरिचंद्रला तो येत नाही. तुम्ही कधी त्या रस्त्याने गेलात, तर एवढं करा: त्याचं दार वाजवा, तो लांब सरकला तरी आत जा, एक मोठा श्वास घ्या, आणि गॅस सुटलाय की नाही, ते त्याला सांगा.